आधी विचारा, ताप कधीपासून आहे : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. प्रकाश आबिटकर,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावात राहते आणि कोल्हापुरात एका हायस्कूलला विज्ञान शिकवते. मला दोन मुलं. थोरली शहरातल्या एका खासगी दवाखान्यात झाली, धाकटा आमच्या घरच्या मधल्या खोलीत. तो झाल्यावर पुढचे तीन आठवडे आम्ही दवाखान्या-दवाखान्यांतून जे ऐकून घेतलं, त्यासाठी हे पत्र लिहितेय.

घरी बाळंतपण करा असा प्रचार मला करायचा नाही. माझ्या आजीची थोरली बहीण वार न पडल्यानं गेली, दाजीपूरच्या अंगाला, ऐन पावसाळ्यात. ही गोष्ट ऐकतच मी मोठी झाले. 2004-06 साली महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागं 130 आया दगावत होत्या, 2018-20 मध्ये हा आकडा 33 वर आला. बायका दवाखान्यात पोचू लागल्या याचा त्यात मोठा वाटा आहे, हे मी वर्गात मुलांना शिकवते. बाळंतिणीचं रक्त थांबलं नाही तर दोन तासांत खेळ संपतो. 2018 साली तमिळनाडूत तिरुप्पूरला इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून घरी बाळंतपण करायला गेलेल्या एका कुटुंबातली आई गेली, तेव्हा मीही म्हटलं होतं, काय हा मूर्खपणा.

मग मी घरी का राहिले? थोरलीच्या वेळी टेबलावर दोन्ही पाय अडकवून मला सहा तास ठेवलं. आत आई नको, नवरा नको, पाणी नको. शेवटी एक सिस्टर स्टुलावर चढली आणि कोपरानं पोट दाबायला लागली. न विचारता खाली छेद दिला, टाके घालताना भूल पुरती उतरलेली नव्हती. ओरडले तर उत्तर मिळालं, "तेव्हा नाही ओरडलीस ती?" हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती बायकांनी ऐकलंय याची कुणी नोंद ठेवत नाही. पोट दाबू नका, सरसकट छेद देऊ नका, बाईला तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 साली लिहून ठेवलंय. प्रसूतिगृहं सुधारण्यासाठी केंद्रानं 2017 साली आणलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतिणीची सोय धरलेली आहे. कागदावर सगळं आहे.

दुसऱ्या वेळी माझ्यासमोर एक वाट होती, जी फार कमी बायकांना असते. माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या मावशी, 31 वर्षं उपकेंद्रात एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या नर्स, होत्या. त्यांनी दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा अटी घातल्या. हिमोग्लोबिन अकराच्या वर पाहिजे, बीपी नको, शुगर नको, शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं डोकं खाली पाहिजे. कळा वाढवायचं इंजेक्शन घरात देणार नाही. "आणि मी चल म्हटलं की चलायचं. तवा का म्हणून विचारायचं न्हाई." पहिलटकरीण असतीस तर दारातसुद्धा उभी केली नसती, असंही त्या म्हणाल्या. पुढं मी वाचलं की इंग्लंडमध्ये 2011 साली चौसष्ट हजारांवर बाळंतपणांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष मावशींच्या अटीशी जुळतो. आधी बाळंत झालेल्या निरोगी बाईच्या बाळाला ठरवून घरी केलेल्या बाळंतपणात जास्तीचा धोका दिसला नाही, पहिलटकरणींच्या बाळांना मात्र दिसला. तिथं घरी राहायचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या जवळजवळ 45 जणींना वाटेत केव्हातरी दवाखान्यात हलवावं लागलं. आणि ही हलवण्याची सोय तिथं आधीपासूनच धरलेली असते. घरी येणारी मिडवाइफ, म्हणजे शिकलेली सुईण, आणि दवाखाना एकाच यंत्रणेतले असतात.

आमच्याकडं तीच सोय मोडली. आठव्या महिन्यात मी माझ्या डॉक्टरांना खरं सांगितलं. म्हटलं, मावशी आहेत, सगळं नीट असेल तर घरी राहू, जरा जरी वेगळं वाटलं तर तुमच्याकडं येऊ, तुम्ही घ्याल ना? त्यांनी फाइल मिटली आणि टेबलावरून माझ्याकडं सरकवली. "मग आता माझ्याकडं येऊ नका." पंधरा मिनिटांवरचा दवाखाना त्या दिवशी बंद झाला. माझा धोका त्यामुळं कमी झाला की वाढला, तुम्हीच सांगा. घरी राहायचा बेत तसाच राहिला. आम्ही फक्त सांगणं बंद केलं. पुढच्या दोन तपासण्यांना दुसरीकडं गेलो आणि तिथं गप्प बसलो. नवऱ्यानं महिनाभर गाडी अंगणात तोंड रस्त्याकडं करून लावली होती, पण ती कुठं न्यायची यावर रोज रात्री घरात वाद व्हायचा. शेवटी सरकारी दवाखान्याचं नाव पक्कं झालं.

बाळंतपणाबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी झाला. नाळेचे ठोके थांबेपर्यंत मावशी घड्याळ बघत बसल्या. वार पडली, त्यांनी ती परातीत घेऊन दिव्याखाली उलटीपालटी करून बघितली, पुरती आहे म्हणाल्या, आणि मगच चहा घेतला.

खरं बाळंतपण पुढं होतं. दुपारी मावशी आणि नवरा बाळाला घेऊन जन्मवेळच्या लसींसाठी शहरातल्या एका दवाखान्यात गेले. मीही हट्टानं गेले. तिथं बाहेर भिंतीवर रुग्णहक्कांची सनद लावलेली होती, 2021 पासून ती लावावीच लागते. तासभर बसल्यानं मी ती पूर्ण वाचली. आत डिस्चार्ज कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी बाळाकडं न बघता आमच्याकडं बघितलं. "शिकलेले दिसताय. काय करता? विज्ञान शिकवता? वा!" मग, "पोराला काही झालं असतं तर आमच्याच दारात बोंबलत आला असता ना?" मग मावशींकडं बोट करून, "या कोण, सुईण?" त्यांनी हाताखालून किती बाळं काढली असतील याची मोजदाद त्यांच्याकडंही नाही. पुरात रस्ते बुडाले तेव्हा होडीतून जाऊन त्यांनी बाळंतपणं केलीत. त्या एवढंच म्हणाल्या, "व्हय, सुईणच म्हना."

लस मिळाली नाही. जिथं बाळंत झालात तिथूनच घ्या, असं सांगितलं. बीसीजी आणि पोलिओ दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात मिळाले. कावीळ ब चा पहिला डोस जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यायचा असतो, तो हुकला. राग आमच्यावर होता, हे मी समजू शकते. डोस कोणाचा हुकला?

त्याच संध्याकाळी आमच्या आशाताई आल्या. झोळीच्या काट्यावर बाळाचं वजन केलं, काखेत थर्मामीटर लावला, दूध ओढतो का ते बघितलं आणि रजिस्टर भरलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी आशांच्या सहा भेटी असतात, घरी जन्मलेल्यासाठी सात, कारण पहिल्याच दिवशी एक जास्तीची. म्हणजे बाळ घरी जन्मू शकतं हे आपल्याच खात्याला मान्य आहे. नवजात बाळाची काळजी घरी जाऊन घ्यायची ही पद्धत तर आपल्याच गडचिरोलीतून, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून देशभर गेली. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालची बाई घरी बाळंत झाली तरी तिला 500 रुपये ठेवलेत. कुठल्याही कायद्यात घरी बाळंत होणं गुन्हा नाही. जन्मनोंदणीसाठी मात्र नवऱ्याला ग्रामपंचायतीत चार हेलपाटे पडले. "दवाखान्याचं पत्र आणा." 1969 च्या कायद्यानुसार घरातल्या जन्माची खबर कुटुंबप्रमुखानं द्यायची असते, ते कलम त्यानं मोबाइलवर काढून दाखवलं, तेव्हा एकोणिसाव्या दिवशी नोंद झाली. एकवीस दिवसांची मुदत आहे.

आता मुख्य गोष्ट. आठव्या दिवशी मला थंडी वाजून ताप आला. उजव्या बाजूला दूध दाटून गाठ झाली होती, हात लावू देत नव्हती. मी विज्ञानाची शिक्षिका आहे, बाळंतिणीचा ताप अंगावर काढायचा नसतो हे मला कळतं. मावशी तर पहिल्याच रात्री म्हणाल्या, दाखवू या. मीच नको म्हटलं. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता. तीन दिवस शेक, गोळ्या आणि पिळून दूध काढणं, यावर मी काढले. अकराव्या दिवशी शुद्ध हरपायला लागल्यावर नवऱ्यानं उचलूनच गाडीत घातलं.

दवाखान्यात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरबाई होत्या. घरी बाळंत झालीय असं नवऱ्यानं खाली मान घालून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. ताप कधीपासून आहे?"

साहेब, मी तिथं रडले. गाठीत पू झाला होता, तो काढावा लागला. पहिल्या दिवशी आला असता तर गोळ्यांवर भागलं असतं, असं त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, तेही साध्या आवाजात, हिशेब सांगावा तसं. त्यांनीही मला पुढच्या वेळी घरी राहू नका असंच सांगितलं, कारणं देऊन. ती मी ऐकून घेतली. आधीच्या दोघांचं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे. माझ्या वर्गातली एक मैत्रीण सांगलीला स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. ती म्हणते, "रात्री दोनला रक्तानं भिजलेली बाई येते, सोबत वीस माणसं, हातात एकही रिपोर्ट नाही, रक्तगट माहीत नाही. ती वाचली तर देवानं वाचवली, गेली तर मी मारली. काचा माझ्या फुटतात." खरं आहे. डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांसाठी 2010 चा कायदा आहे, तो वापरा. पण रात्री दोनला ती बाई इतक्या उशिरा का आली, या प्रश्नाचं एक उत्तर मागच्या वेळी किंवा तिच्या जावेला त्याच दारात काय ऐकावं लागलं, यातही असतं.

आणि मी तर गाडीवाली. आपला मतदारसंघच राधानगरी-भुदरगडचा, तिथल्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात काय होतं ते मी आपल्याला सांगायला नको. झोळीतून बाईला खाली आणताना वाटेतच मूल होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातली 94.7 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. उरलेल्या पाचेक टक्क्यांत माझ्यासारख्या हौसेनं राहिलेल्या किती असणार? बाकीच्या रस्त्यानं, पुरानं, पैशानं अडलेल्या. त्याच सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली 47 बाळंतपणं सिझरची आहेत, तर सिझरच्या धास्तीनं उंबऱ्यात थांबलेल्याही काही असतील. वाड्यावरची बाई आली की ती अडाणी, मी गेले की शिकून अक्कल गहाण टाकलेली. शब्द वेगळे, पण परत यायचं नाही हे दोघींना सारखंच कळतं.

माझं मागणं साधं आहे. आपल्या सहीचं एक परिपत्रक काढा की घरी किंवा वाटेत जन्मलेल्या बाळाला जन्मवेळच्या लसी देताना कोणताही सरकारी वा खासगी दवाखाना डिस्चार्ज कार्ड मागणार नाही. रात्री-अपरात्री घरून आलेल्या बाळंतिणीचा केसपेपर आधी निघेल आणि तिला काय सुनवायचं ते ती बरी झाल्यावर. गरोदरपणात एखादीनं घरचा बेत बोलून दाखवला तर डॉक्टरांनी तिला जरूर परावृत्त करावं, त्यांचं ते कामच आहे. पण फाइल परत देऊ नये. आणि केंद्रानं 2018 साली मिडवाइफरीचं धोरण आणलं, नर्सना दीड वर्षाचं खास प्रशिक्षण देऊन प्रसूती विभागात नेमायचं ठरवलं. आपल्या जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत आज अशा किती जणी आहेत, ते जाहीर सांगा. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात मावशींसारखी एक बाई असती, नवरा आत येऊ शकला असता आणि पाय अडकवायची सक्ती नसती, तर मी आमच्या मधल्या खोलीत कशाला राहिले असते?

धाकटा आता चौदा महिन्यांचा आहे. पुढची लस सोळाव्या महिन्यात. उपकेंद्रातल्या सिस्टरना त्याचा जन्म कुठं झाला ते माहीत आहे, म्हणून तिथंच जाणार.

आपली,
करवीर तालुक्यातली एक आई

ता. क. : मावशींचं नाव घालू का म्हणून विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नगं बाई. पेन्शन चालू हाय माझी."