अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं : पहिल्या टोचणीआधी पूर्ण हिशोब मागा

संपादक महाशय,

पावसाळा सरत आला, गाजर गवत फुललं आणि सोयाबीनची मळणी सुरू झाली की इंदुरात शिंका, वाहतं नाक आणि धाप यांचे रुग्ण वाढतात. त्यांतल्या बऱ्याच जणांना अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं सुचवली जातात. उपचार खरा आहे, १९११ पासून वापरात आहे. पण एकूण खर्च माहीत नसल्यामुळे अनेकजण तो अर्ध्यावर सोडतात आणि तोवर घातलेले पैसे वाया जातात.

आधी एक घोळ दूर करायला हवा. ‘एक इंजेक्शन घेतलं की पूर्ण मोसम आराम’ असं कोणी सांगितलं तर ते बहुधा लांब परिणामाचं स्टिरॉइड असतं. नाक लगेच मोकळं होतं, पण मधुमेह्याची साखर चढते, आणि वारंवार घेतल्यास हाडं ठिसूळ होतात. अ‍ॅलर्जी जिथल्या तिथेच राहते. इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून मागा.

खऱ्या उपचारात ज्या गोष्टीची अ‍ॅलर्जी आहे तिचाच अर्क अगदी थोड्या मात्रेपासून कातडीखाली देतात आणि मात्रा हळूहळू वाढवतात. सुरुवातीचे चार-पाच महिने साधारण आठवड्याला एक, पुढे महिन्याला एक, असं किमान तीन वर्षं. म्हणजे पन्नासच्या आसपास फेऱ्या. त्यामुळे ‘एका कुपीचे किती?’ एवढंच विचारून भागत नाही. टेस्ट, कुप्यांचा प्रत्येक संच, दर वेळची टोचणावळ आणि तपासणी फी, सोबत चालू राहणारा नाकाचा स्प्रे किंवा दम्याचा पंप, हे सगळं तीन वर्षांसाठी मांडून घ्या. देवास, महू किंवा धारहून येणाऱ्याने बसभाडं आणि बुडालेली मजुरीही पन्नासने गुणावी. मेडिक्लेमच्या साध्या पॉलिसीत भरती न होता घेतलेली इंजेक्शनं बहुधा बसत नाहीत. ओपीडीचं कलम आहे का, ते आधी पाहा. आणि पूर्ण वर्षाच्या कुप्या एकदम घेऊ नका. पातळ केलेल्या अर्काच्या कुप्यांची ताकद लवकर उतरते, म्हणून मुदतीची तारीख पाहून लागतील तशाच घ्याव्यात.

पैसे सर्वांत जास्त वाया जातात ते टेस्टमध्ये. शंभर-शंभर पदार्थांची यादी तपासण्याची गरज क्वचितच असते. घरातल्या धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे किडे), झुरळ, बुरशी, पाळीव प्राणी आणि आपल्या भागातले परागकण एवढ्यात बहुतेकांचं उत्तर मिळतं. प्रिक टेस्टमध्ये कातडीवर अर्काचा थेंब ठेवून सुई टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी तिथे उठलेली गांधी मोजतात. नुसत्या सलाइनच्या टोचणीपेक्षा ती निदान ३ मि.मी. मोठी असायला हवी. सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद केल्या नाहीत तर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. सर्दीच्या पुष्कळ सिरपांतही अशी औषधं असतात. नाकाचा स्प्रे आणि दम्याचा पंप मात्र बंद करायचा नाही.

टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. झुरळाला पॉझिटिव्ह आली, पण त्रास फक्त मंडीतल्या धुळीत होतो, तर झुरळाचा अर्क टोचून काय साधणार? अ‍ॅलर्जी नसतानाही धुळीने नाक नुसतं चुरचुरत असेल. खाण्याच्या पदार्थांसाठी ‘आयजीजी’ नावाच्या प्रतिपिंडाची रक्तचाचणी तर करूच नका, तिच्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. कुपीत काय आहे आणि किती पदार्थ आहेत, हे लेखी घ्या. दहा-बारा पदार्थ एकत्र केले की प्रत्येकाची मात्रा कुचकामी होते. शिवाय बुरशी आणि झुरळाच्या अर्कांतली विकरं (एन्झाइम) परागकणांचा अर्क मोडतात. ते एकाच कुपीत नकोत.

यापुढचं मात्र जिवाशी गाठ आहे. काटकसर म्हणून कुपी घरी नेऊन शेजारच्या कंपाउंडरकडून टोचून घेणं थांबवा. गंभीर रिअ‍ॅक्शन बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते, म्हणून टोचल्यावर तीस मिनिटं दवाखान्यातच बसायचं. अंगभर गांधी, घशात आवळल्यासारखं वाटणं, धाप किंवा चक्कर आली की पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन : प्रौढाला १ : १००० द्रावणाचं अर्धा मि.लि., मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. ‘तुमच्याकडे हे तयार आहे का?’ असं विचारायला संकोच करू नका. त्या दिवशी ताप असेल किंवा दमा उसळला असेल तर टोचणी पुढे ढकला. मध्ये खाडा पडला किंवा नवी कुपी उघडली तर मात्रा कमी करूनच द्यावी लागते. हे विसरल्यामुळे रिअ‍ॅक्शन येतात. दंडावर सूज आणि खाज येणं मात्र नेहमीचं; बर्फाने शेकलं तरी पुरतं.

कुप्या २ ते ८ अंश सेल्सियसवर ठेवतात. गोठलेली कुपी फेकून द्यावी. काबूत नसलेला दमा असेल तर ही इंजेक्शनं सुरू करू नयेत. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, एटेनोलॉलसारख्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावं, कारण त्यांच्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिनचा असर कमी होतो. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत. महिन्याच्या टोचण्या वर्षभर नियमित घेऊनही गोळ्या-पंप कमी झाले नाहीत, तर पुढची कुपी विकत घेण्याआधी उपचार थांबवायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आपले,
अ‍ॅलर्जीच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर, इंदूर