पिकअपचे ब्रेक भावावर नव्हे, भारावर निवडावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माळशेज, कसारा, बोरघाट, कुंभार्ली, आंबा यांपैकी कुठल्या ना कुठल्या घाटात भाजीपाल्याची पिकअप उलटल्याची बातमी वर्षभर अधूनमधून वाचायला मिळते आणि ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढ्या कारणावर ती संपते. त्या गाडीला शेवटचे ब्रेक पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे घर्षणाचे तुकडे) कोणते बसवले होते, चाकाबरोबर फिरणारी पुढची लोखंडी डिस्क किती झिजली होती, मागच्या ड्रममधले, त्याला आतून घासणारे लायनर कोणी आणि कधी पाहिले होते, या प्रश्नांना नंतर कोणी हात घालत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवण्यात माझी हयात गेली असून निवृत्तीनंतरही तालुक्यातल्या गॅरेजांमध्ये माझी ऊठबस आहे. त्या अनुभवावरून या विषयाबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे.

पॅड संपले की चालक स्पेअर पार्टच्या दुकानात जातो, गाडीचे मॉडेल सांगतो आणि दुकानदार काउंटरवर तीन पाकिटे ठेवतो: एक वाहन कंपनीच्या नावाचे, एक ब्रेकच्याच व्यवसायातल्या नावाजलेल्या उत्पादकाचे आणि एक ‘लोकल’. पुढचा सारा संवाद भावाचा असतो. ज्याचा हिशेब रोजच्या भाड्यावर चालतो त्या माणसाला यासाठी दोष देता येत नाही, परंतु मालवाहू गाडीच्या ब्रेकचा खरा हिशेब उष्णतेचा आहे आणि तो काउंटरवर कोणी मांडत नाही.

तो हिशेब सोपा आहे. जुन्नर, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यातून टोमॅटो-कांदा भरून माळशेजमार्गे कल्याणकडे निघालेली गाडी मालासह तीन टन धरली आणि घाटातला उतार पाचशे मीटर उंचीचा मानला, तर खाली पोहोचेपर्यंत सुमारे १४७ लाख ज्यूल, म्हणजे चार युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पुढच्या दोन डिस्क मिळून वीस किलो धरल्या आणि ही सगळी उष्णता त्यांच्यातच साठली असे मानले, तर त्यांचे तापमान दीड हजार अंशांनी वाढेल. डिस्क ज्या बिडाची ओतलेली असते ते त्याच्या कितीतरी आधी वितळते. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण वारा डिस्क निववत राहतो, मागचे ड्रम आपला वाटा उचलतात आणि गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये असेल तर सर्वांत मोठा भार इंजिन घेते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की हा शेवटचा आधार संपतो. (आजच्या कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनांत उतारावर गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठा तसाही थांबतो, त्यामुळे न्यूट्रलमधली बचत हा निव्वळ भ्रम आहे.)

पॅडची निवड या पार्श्वभूमीवर व्हायला हवी. सेंद्रिय तंतू आणि राळ यांपासून केलेले मऊ पॅड आवाज करत नाहीत आणि डिस्कही कमी खातात. परंतु ठरावीक तापमानापलीकडे त्यांतली राळ जळू लागते, वायू सुटतो आणि पकड एकाएकी कमी होते. पेडल पायाला कडक लागते, तरीही गाडी थांबत नाही. सिरॅमिक पॅडची धूळ कमी पडते व ते शांत चालतात, म्हणून शहरातल्या मोटारीला ते शोभतात. घाटात रोज माल वाहणाऱ्या पिकअपला मात्र पोलादी तंतू वा लोहचूर्ण असलेले, ज्याला बाजारात सेमी-मेटॅलिक म्हणतात ते, नावाजलेल्या उत्पादकाचे पॅडच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. थोडी करकर होईल, डिस्क थोडी लवकर झिजेल. हा सौदा मला मान्य आहे.

अनेक चांगल्या पॅडच्या कडेला वा पाठीच्या पत्र्यावर उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे असतात. ती घर्षणाचा गुणांक सांगतात: ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिले अक्षर नेहमीच्या तापमानाचे, दुसरे तापलेल्या अवस्थेचे. ‘एफएफ’ असेल तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते. ‘एफई’ असेल तर ती घसरते. ही प्रयोगशाळेतल्या लहान तुकड्यावरची चाचणी आहे, तुमच्या गाडीवरची हमी नव्हे, आणि अक्षर जितके पुढचे तितके पॅड चांगले असेही नाही, कारण पुढच्या-मागच्या चाकांचा तोल कंपनीने एका ठरावीक घर्षणावर बसवलेला असतो. तरीही ज्या पॅडवर अक्षरे नाहीत, बॅच क्रमांक नाही, ज्याच्या पत्र्याच्या कडा खडबडीत आहेत आणि ज्याचे घर्षणद्रव्य पत्र्यापासून कडेला किंचित सुटलेले दिसते, ते पॅड फुकट मिळाले तरी घेऊ नये. ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ हा उल्लेखही पाकिटावर शोधावा. अमेरिकेने २०२४ मध्ये क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी घालताना सुट्या विकल्या जाणाऱ्या ब्रेक लायनिंगचाही त्यात समावेश केला. आपल्याकडे या द्रव्याचा वापर अजून सर्वस्वी बंद झालेला नाही आणि आपली गॅरेजमधली मुले ब्रेकची धूळ हवेच्या नळीने तोंडासमोर उडवत असतात.

पॅडपेक्षाही जास्त दुर्लक्ष डिस्कचे होते. प्रत्येक डिस्कवर, बहुधा कडेला किंवा मधल्या टोपीवर, किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. ही जाडी मायक्रोमीटरनेच, म्हणजे दोन टोकांत वस्तू धरून बारीक मोजमाप घेणाऱ्या उपकरणानेच, मोजावी लागते, कारण पॅड न लागणारी बाहेरची कड झिजत नाही आणि साधे व्हर्नियर त्या उभ्या राहिलेल्या कडेवर टेकून जाडी फसवी दाखवते. तालुक्याच्या गावी मायक्रोमीटर असलेले गॅरेज विरळा. तेथे डिस्कला चरे पडले की ती लेथवर चढवून ‘फेस मारून’, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, आणतात, ती आरशासारखी दिसते, गिऱ्हाईक खूश होते. मात्र आधीच झिजलेल्या डिस्कचे आणखी लोखंड काढल्याने तिची उष्णता साठवण्याची ताकद घटते, हे कोणी सांगत नाही. फेस मारल्यानंतरही जाडी किमान मर्यादेच्या वर पुरेशी शिल्लक राहत असेल तरच लेथ. एरवी नवी डिस्क, आणि तीही दोन्ही बाजूंची एकदमच. मूळ डिस्क आतून पोकळ, पंखे असलेली असेल तर भरीव डिस्क बसवू नये. भोके पाडलेल्या शोभेच्या डिस्कचा मालवाहू गाडीला उपयोग नाही. भोकांपाशी तडे जातात. बाजारातल्या स्वस्त डिस्कबद्दल शंका असेल तर एक साधा उपाय आहे: ती आणि कंपनीची नवी डिस्क दुकानातल्याच काट्यावर ठेवून पाहावी. वजनातला फरक म्हणजे उष्णतेसाठी कमी पडलेले लोखंड.

मागच्या चाकांची गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि अनेक गाड्यांत मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा हे ठरवणारी एक झडप असते. तिची दांडी मागच्या ॲक्सलला जोडलेली असते. माल भरल्यावर बॉडी खाली बसली की दांडी सरकते आणि मागे जास्त दाब जातो. आता जास्त माल बसावा म्हणून आपले लोक मागच्या कमानीत (पट्ट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एक-दोन पाटे वाढवून घेतात. पाटा वाढला की दीड टन माल भरूनही बॉडी पुरेशी बसत नाही, झडपेला गाडी रिकामीच आहे असे वाटते, मागचे ब्रेक अर्धवट लागतात आणि सगळा भार पुढच्या पॅडवर येतो. ‘पॅड टिकतच नाहीत, कंपनी बदलून बघितली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या गाडीखाली वाकून पाहिले की पुष्कळदा नवा पाटा दिसतो. अशा गाडीला जगातले सर्वोत्तम पॅड घातले तरी ते जळणारच. पाटे काढावेत किंवा निदान झडपेची दांडी जाणकाराकडून नव्याने जुळवून घ्यावी. ती तारेने बांधून ठेवण्याचा जो प्रकार चालतो, तो तर ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी फिरवून टाकणारा आहे.

बसवण्याबद्दल दोनच गोष्टी लिहितो. एकाच चाकाचा आतला पॅड पत्र्यापर्यंत झिजला आणि बाहेरचा अर्धा शिल्लक राहिला, तर दोष पॅडचा नसून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, अडकलेल्या पिनांचा असतो. त्या साफ करून उष्णता सोसणारे ग्रीस न लावता नुसते पॅड बदलणे म्हणजे पुढच्या खरेदीची सोय करून ठेवणे आहे. काही मिस्त्री पॅडला असलेली, पॅड संपत आल्यावर डिस्कला घासून चिरचिर करणारी पत्र्याची पट्टी आवाजाची कटकट नको म्हणून वाकवून टाकतात. ती इशारा देण्यासाठीच असते. शिवाय पॅडबरोबर ब्रेक ऑइलचाही विचार व्हावा. ते हवेतले पाणी शोषते: डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, तो ओलावा शोषल्यावर १४० पर्यंत उतरू शकतो, डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात पेडल अचानक पायाखाली बसते तेव्हा पुष्कळदा ऑइल उकळून नळीत वाफ झालेली असते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल सीलबंद डब्यातून घ्यावे आणि दोन वर्षांच्या आत बदलावे.

बिलाशिवाय माल घेण्याचे समर्थन आजवर कराच्या नावाने होत असे. वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. पूर्वी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. पॅड आणि डिस्कचे बिल, त्यावर उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक यांचा आग्रह धरायला ही चांगली वेळ आहे.

परिवहन खात्यालाही एक सूचना करावीशी वाटते. मालवाहू गाडीचे पासिंग (योग्यता तपासणी) पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी होते. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर आरटीओ कार्यालयांनी ब्रेकचाचणीसाठी २५० मीटरचे मार्ग बांधले. स्वयंचलित केंद्रांत आता रोलरवर ब्रेकचा जोर मोजला जातो. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, तथापि बहुधा रिकाम्या आणि थंड गाडीवर होणाऱ्या या चाचणीत किमान मर्यादेखाली झिजलेली डिस्कही सहज उत्तीर्ण होऊ शकते, कारण तिचे वैगुण्य तापल्यावरच उघडे पडते. पासिंगला येताना चारही चाकांच्या पॅडची, लायनरची आणि डिस्कची जाडी मिलिमीटरमध्ये नोंदवलेला, गॅरेजच्या सहीशिक्क्याचा एका महिन्याच्या आतला कागद सोबत आणणे बंधनकारक करावे. मायक्रोमीटर ही काही महागडी वस्तू नाही, आणि असा कागद लागणार म्हटल्यावर तालुक्यातली गॅरेजे तो आपोआप विकत घेतील. टोमॅटोचा हंगाम सुरू होण्यापूर्वी नारायणगावसारख्या बाजार आवारात, जिथे शेकडो पिकअप तासन्‌तास उभ्याच असतात, तिथे बाजार समिती आणि जवळची आयटीआय यांनी मिळून ही मोजणी करून दिली तर मुलांचा सरावही होईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
ता. जुन्नर, जि. पुणे