जुन्या किल्लारीला या, पण जरा वेळ काढून या

संपादक साहेब, नमस्कार.

जिथं माणसं मेली तिथं लोक फिरायला का जातात यावर हल्ली बरंच बोललं जातं, डार्क टुरिझम म्हणतात म्हणे त्याला. आम्हा औसा तालुक्यातल्या लोकांना हे नाव माहिती नव्हतं, पण प्रकार १९९३ च्या किल्लारी भूकंपापासून माहिती आहे.

३० सप्टेंबर, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपलेले आणि किल्लारी, सास्तूर, आजूबाजूची गावं बघता बघता मातीत गेली. मेलेल्यांचा सरकारी आकडा ७,९२८ चा. मी तेव्हा पाचवीत होतो, आत्या किल्लारीत दिलेली, वडील उजाडताच सायकल काढून गेले आणि तिथंच राहिले. नंतर तर रस्ताच मिळेना, कारण जीप, ट्रॅक्टर, टेम्पो भरभरून लोक नुसते बघायला येत होते, मदतीच्या गाड्या त्या गर्दीत अडकायच्या आणि वरून पाऊस. वडील आत्याच्या घराचे दगड हातानं बाजूला करत होते तर एकानं उभ्या उभ्या विचारलं, "तुमचे किती गेले?" वडील काही बोलले नाहीत, टोपलं त्याच्या हातात दिलं. तो माणूस अंधार पडेपर्यंत माती उपसत होता.

म्हणून बघायला येणाऱ्याला मी सरसकट वाईट म्हणत नाही. एवढी माणसं झोपेत कशी गेली हे बघावंसं वाटतंच, मला पण गुजरातमधल्या २००१ च्या भूकंपात पडलेल्या भूजला गेल्यावर वाटलं. राग येतो तो जुन्या किल्लारीत, म्हणजे गाव दुसरीकडे वसवल्यावर मागं उरलेल्या जागेत, पडक्या भिंतीवर चढून "भुताचं गाव" म्हणून रील काढणाऱ्यांचा. पण त्यांना सांगणारं तरी तिथं कोण आहे? स्मृतिस्तंभ आहे, दरवर्षी ३० सप्टेंबरला मानवंदना होते, एरवी मात्र काटेरी बाभळी, मागच्या महिन्यात गेलो तर मला तरी माहिती देणारं कुणी भेटलं नाही. आत्याच्या घराच्या जागेवर एक जातं अजून अर्धं मातीत आहे, एक कॉलेजचा पोरगा त्यावर पाय ठेवून फोटो काढत होता. मी म्हटलं, बाळा, या घरातली बाई यावर रोज दळायची, ती इथंच गेली. त्यानं पाय काढला, खाली बसला, मग तासभर माझ्यासोबत फिरला.

त्याला मी माळवद, म्हणजे आमच्याकडचं मातीच्या सपाट छताचं घर, समजावून सांगितलं. अडीच-तीन फुटांच्या भिंती, पण दगड नुसते मातीत रचलेले, आतला थर बाहेरच्या थराला बांधलेलाच नाही, आणि वर लाकडावर फूट-दीड फूट माती, गळू नये म्हणून दरवर्षी त्यात आणखी भर. धक्का बसला, भिंती फुटल्या, ती सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. जाड भिंत म्हणजे मजबूत घर असं आम्ही समजत होतो, आणि कुडाच्या झोपडीत झोपलेली गरीब माणसं वाचली. अशी घरं मराठवाड्यात आजही आहेत, लोक त्यात आजही झोपतात, येणाऱ्यानं हे बघून जावं असं मला फार वाटतं.

भूजला भुजिया डोंगरावर स्मृतिवन केलंय, बळींची नावं आहेत, भूकंप कसा होतो ते दाखवलंय. तेवढं मोठं नको, पण जुन्या किल्लारीत एक माळवदाची भिंत मधून कापल्यासारखी बांधून दाखवा, गल्ल्यांना पाट्या लावा आणि गावातल्याच माणसांना मानधन देऊन माहिती सांगायला बसवा. आणि डोंगराची दरड कोसळून गाडल्या गेलेल्या इर्शाळवाडीसारखं काही नुकतंच घडलं असेल, शोध चालू असेल, तर हातात घमेलं घ्यायची तयारी नसलेल्यांना पोलिसांनी खालूनच परत पाठवावं.

जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की हे येत्या ३० सप्टेंबरच्या आधी सुरू करा, कोणती गल्ली कुठं होती, कोणाचा वाडा कुठं होता हे तोंडपाठ असलेली माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

— एक वाचक, ता. औसा, जि. लातूर