सारखा खटका पडतोय म्हणून काढू नकोस

प्रिय बाळा,

नवीन फ्लॅटची तू पाठवलेली यादी काल आईने मला मोठ्याने वाचून दाखवली. ५५ इंची टीव्ही, फॉल्स सीलिंग, मॉड्युलर किचन, दोन एसी, सगळं छान आहे, आणि तू पुणे सोडून परत सोलापुरात येतोयस, जुळे सोलापुरात स्वतःचं घर होतंय, याचा आम्हाला दोघांना किती आनंद झालाय ते तुला सांगून कळायचं नाही. पण त्या यादीत जीव वाचवणारी एकही वस्तू नाही रे. फोनवर बोलायला लागलो की तू हो बाबा, बघतो बाबा म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसलो.

एक गोष्ट आम्ही तुझ्यापासून लपवली. मागच्या मे महिन्यात आईला कुलरचा शॉक बसला होता. तू कामात होतास, उगाच घाबरशील म्हणून तिनेच सांगू दिलं नाही.

दुपारची वेळ, बाहेर नुसती आग ओतत होती, आई कुलरमध्ये पाणी भरत होती. एका हातात पाइप, दुसरा हात लोखंडी बॉडीवर, पाय अनवाणी आणि खाली फरशी ओली. तिने ओरडावं तर तेही नाही. पाइप खाली पडल्याचा आवाज आला म्हणून मी पाहिलं तर हात तसाच चिकटलेला, डोळे उघडे, आणि पाइपचं पाणी फरशीवरून माझ्याकडे येतंय. मला वाटलं धावून तिला ओढावं, पण कारखान्यात तीस वर्षं जॉबर म्हणजे कामगारांवरचा मुकादम म्हणून काढली, शॉक लागलेल्याला हात लावायचा नाही हे डोक्यात इतकं बसलंय की पाय आपोआप मेन स्विचकडे वळले. पंखा मंद झाला तशी ती खाली बसली. तळहातावर रुपयाएवढा पांढरा डाग होता, तो अजून दिसतो.

संध्याकाळी वायरमन आला, बोर्ड उघडला आणि माझ्याकडे बघून गप्प बसला. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा खटका, जागेवर होता पण त्याच्या वायरी बाजूने काढून सरळ जोडलेल्या. आणि बाळा, ते मीच करायला लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात सारखी घरातली लाइट जायची, दिवसातून चार वेळा तो खटका पडायचा, मी वैतागून तेव्हाच्या वायरमनला म्हणालो ते तसलं काढून टाक बाबा. खटका सांगत होता की घरात कुठेतरी करंट गळतोय. कुलरचा पंप खराब झाला होता. मी पंप बघायचा सोडून सांगणाऱ्याचंच तोंड बंद केलं. ही चूक माझी आहे आणि मला रात्री अजून झोपेतून जाग येते.

म्हणून टीव्हीच्या आधी हे बघ. बिल्डरने बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारे खटके, दिलेत म्हणजे झालं असं समजू नकोस. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी पडायला जेवढा करंट लागतो त्याच्या कितीतरी कमी करंटात माणूस जातो. आरसीसीबी वेगळं काम करतो, फेज म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून गेलेला करंट न्यूट्रल म्हणजे परतीच्या वायरीतून तेवढाच परत येतोय का ते बघत राहतो, कुणाच्या अंगातून जमिनीत गेला की फरक पडतो आणि ३० मिलिअँपिअरच्या फरकाला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच घे. त्यावर टेस्टचं बटण असतं ते महिन्यातून एकदा दाबायचं, दाबल्यावर लाइट गेली पाहिजे, नाही गेली तर तो बदलायचा. आणि इन्व्हर्टरची लाइन त्यात धरलीय का ते विचार, वायरमन लोक बऱ्याचदा ती बाहेर ठेवतात कारण न्यूट्रल एकत्र आला की खटका पडतो. दोन्ही वायरींना एकदम हात लागला तर मात्र आरसीसीबीला पण कळत नाही, तेव्हा कुलर भरताना प्लग काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

अर्थिंगचं, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरीचं, विसरू नकोस. उन्हाळ्यात आपली जमीन तडकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की अर्थिंग कागदावरच राहतं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, मला माहितीय, पण भांडी घासलेलं एखादी बादली पाणी त्या खड्ड्यात टाकायला सोसायटीच्या वॉचमनला सांगता येतं की.

आता गॅस. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता फरशीवर साचतो, म्हणून लीक डिटेक्टर बसवलास तर खाली फरशीजवळ बसव. मॉड्युलर किचनवाले सिलेंडर बंद कपाटात ढकलतात, त्या कपाटाला खाली जाळी ठेवायला लाव. नळी ती केशरी सुरक्षा ट्यूब, आयएसआय मार्कची, ५ वर्षांनी बदलायची, वर तारीख छापलेली असते. सिलेंडरच्या कड्यावर पण एक अक्षर आणि आकडा असतो, ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं डीपर्यंत, पुढचा आकडा वर्षाचा, ती त्याच्या टेस्टिंगची मुदत. मुदत संपलेला सिलेंडर दारातूनच परत पाठवायचा, भीड धरायची नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद, दारं खिडक्या उघड्या, आणि कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, एक्झॉस्ट फॅन पण नाही, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. सूनबाईला हे एकदा नीट सांग, नुसतं सांगू नकोस, रेग्युलेटर बंद करायला लावून बघ.

आग विझवायचा सिलेंडर, एबीसी पावडरचा, २ किलोचा तरी घे, दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघून. तो ओट्याच्या वर टांगू नकोस, आग ओट्यालाच लागली तर हात कसा घालणार? किचनच्या दाराजवळ, बाहेर पळायच्या वाटेवर. त्यातली पावडर काही सेकंदांत संपते, म्हणून ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी मारायची. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद करून ताट झाकायचं. आमच्या कारखान्यात वाळूच्या लाल बादल्या ओळीने टांगलेल्या असायच्या आणि वाळूत विड्यांची थोटकं, पान खाऊन थुंकलेलं. एकदा सुताच्या धुळीने पेट घेतला तेव्हा बादली उचलली तर वाळू दगडासारखी घट्ट झालेली, पडेचना. घरात वस्तू आणली आणि परत कधी बघितलीच नाही तर तिची तीच गत होते.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली, ८ माणसं गेली, त्यात एक लहान लेकरू. तुला माहितीच आहे. माणसं झोपेत असतात आणि धुराने जाग येत नाही, आवाजानेच येते. बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये बॅटरीवरचा स्मोक अलार्म लाव. फोडणीच्या ठसक्याने तो कधीमधी वाजेल, तेव्हा बॅटरी काढून ठेवू नकोस, जागा थोडी बदल. आणि खिडक्यांना सगळीकडे पक्कं ग्रिल करून घेतोयस ते चोरासाठी ठीक आहे, पण एका तरी खिडकीचं ग्रिल आतून उघडणारं असू दे, किल्ली शेजारी खिळ्याला, पिल्लूचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर.

पिल्लू दोन वर्षांची आहे. आपल्या घरात पाणी साठवल्याशिवाय भागत नाही, पिंप बादल्या सगळं भरलेलं, तर प्रत्येकाला झाकण आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून वरची कडी. बादलीभर पाणी पण एवढ्या लेकराला बुडायला पुरतं.

गॅसचा गिझर बाथरूमच्या आत बसवायचा नाही, त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो. भाजलं तर २० मिनिटं साधं पाणी, टूथपेस्ट नाही.

आरसीसीबी, डिटेक्टर, अलार्म या तिन्ही वस्तू तुला त्रास देणार, भलत्या वेळी वाजणार, पाहुणे असताना लाइट जाणार. तेव्हा कुणीतरी म्हणेल साहेब काढून टाकू का, कटकट नको. तू नाही म्हणायचं. आधी काय बिघडलंय ते शोधायला लावायचं.

आईने गेल्या वर्षापासून कुलरला हात लावलेला नाही, पाणी मीच भरतो, प्लग काढून मांडीवर ठेवून. वास्तुशांतीच्या आधीच्या रविवारी मी फ्लॅटवर येतो. वायरमनला सांग, बोर्डाचं झाकण लावायच्या आधी आतल्या वायरिंगचा फोटो काढून मला पाठवायचा.

तुझे बाबा