तिसऱ्यांदा फोन केलात, काका

काका, नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, त्यामुळे हे पत्र मीच तुम्हाला चहाच्या वेळी वाचून दाखवणार आहे. तरी लिहितोय सगळ्यांसमोर. चूकही सगळ्यांसमोरच झाली होती, परळच्या त्या जुन्या गिरणीच्या आवारातल्या पार्किंगमध्ये, ऑक्टोबरच्या उन्हात.

लेकीला पाळणाघरात रोज तिची आई सोडते. त्या दिवशी तिला लवकरची लोकल गाठायची होती, म्हणून काम माझ्याकडे आलं. मुलुंडहून निघालो. चौदा महिन्यांची पोर मागच्या सीटवर दोन मिनिटांत झोपली. हायवेच्या आधी डावीकडे वळायचं होतं. नाही वळलो. ऑफिसचा फोन चालू होता आणि हात रोजच्या रस्त्याला लागले होते. सायन, दादर, परळ. गाडी लावली, लॅपटॉपची बॅग उचलली आणि लिफ्टकडे चालू लागलो. पाळणाघरात सोडून आलोय, असंच डोक्यात पक्कं होतं. हे आजही कोणाला सांगून पटत नाही.

तुम्ही मागची काच पुसत होतात. गुलाबी मोजा हलला, असं तुम्ही नंतर सांगितलंत.

डॅशबोर्डवर मी चिठ्ठी ठेवतो, ‘गाडी आडवी आल्यास फोन करा’ म्हणून. तो नंबर तुम्ही लावलात. मी कापला. पुन्हा लावलात, पुन्हा कापला. अनोळखी नंबर म्हणजे कर्जवाले, हे आपलं ठरलेलं. तिसऱ्यांदा उचलला तो चिडूनच. तुम्ही एवढंच म्हणालात, “साहेब, बाळ गाडीत आहे.”

जिना कसा उतरलो आठवत नाही. आठवतंय ते हे: एका हाताने तुम्ही खोक्याचा पुठ्ठा काचेवर धरून तिच्यावर सावली केली होती आणि दुसऱ्या हातात पेव्हर ब्लॉक होता. तिचे केस कपाळाला चिकटलेले, रडण्याचा आवाज बसलेला. तुमच्या बादलीत नुकतंच भरलेलं नळाचं पाणी होतं, गाडी उघडताच त्यात तुम्ही गळ्यातला पंचा पिळलात आणि तिचे पाय पुसायला घेतलेत. मी नुसता उभा.

डॉक्टरांनी तपासलं, ती ठीक होती. सगळं मिळून पंधरा मिनिटं. पण बंद गाडी उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच दहा-अकरा अंशांनी तापते, काच बोटभर उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही, आणि लहान मुलाचं अंग मोठ्यांच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापतं. हे मला तेव्हा कळलं.

नंतर रात्र रात्र वाचत बसलो. अमेरिकेत 1998 पासूनच्या नोंदी आहेत. वर्षाला सरासरी 37 मुलं अशी जातात आणि त्यातली निम्म्याहून जास्त विसरली गेलेली असतात. डेव्हिड डायमंड नावाचे मेंदूशास्त्रज्ञ सांगतात, की रोजच्या सवयीची आठवण ‘वाटेत अमुक करायचंय’ या आठवणीला गिळून टाकते. इटलीने तर 2019 पासून चार वर्षांखालच्या मुलांच्या सीटला गजर सक्तीचा केलाय. आपल्याकडे उभ्या गाडीत खेळायला शिरून अडकलेल्या मुलांच्या बातम्या येतात, त्या मी ‘कसले आईबाप’ म्हणत पुढे ढकलायचो. आता ढकलवत नाहीत.

हल्ली डावा बूट मागच्या सीटखाली काढून ठेवतो. (गाडी ऑटोमॅटिक आहे, घाबरू नका.) लेक साडेनऊपर्यंत पोचली नाही तर पाळणाघरवाल्या ताई दोघांनाही फोन करतात.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण चहा पिताना जे बोललात ते मला जास्त लागलं. पेव्हर ब्लॉक पहिल्या फोनच्या आधीच उचलला होता म्हणालात. मारला नाही, कारण मागे एका गाडीला ओरखडा गेला तेव्हा मालकाने तुमच्या पगारातून पैसे कापायला लावले होते. म्हणजे माझी पोर आत तापत असताना तुम्ही बाहेर काचेची किंमत मोजत होतात, आणि ती मोजायला तुम्हाला आमच्यासारख्यांनीच शिकवलं होतं.

तर काका, पुन्हा कधी असं दिसलं, गाडी कोणाचीही असो, बाळापासून लांबची काच आधी फोडा. फोन मग. पैसे मी भरीन, आणि हे इथे सगळ्यांसमोर लिहून देतोय.

तुमचा,
चार नंबरला गाडी लावणारा