चौथ्या मजल्यावरच्या काकांना, लेट्यूसबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. शिवाय घरात ऊन येत नसल्यामुळे हात आखडून बसलेल्या आणखी कुणाला तुमच्या सांगण्याचा उपयोग झाला, तर मला फार बरं वाटेल.

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला, समोर हातभर अंतरावर दुसरी इमारत. पुण्यात राहूनही आमच्या घरात सकाळचं ऊन कधी येत नाही. अशा ठिकाणी मातीशिवाय, नुसत्या खताच्या पाण्यात लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) लावायचं म्हणून मी एका दुकानातून सामानाची यादी आणली होती: पाइप, पंप, टाकी, टायमर. तुम्ही चष्मा वर करून ती पूर्ण वाचलीत आणि म्हणालात, "यातलं आत्ता काही नको. घट्ट झाकणाचा, आत उजेड न जाणारा डबा आण." माझे कितीतरी पैसे तुम्ही त्या एका वाक्यात वाचवलेत.

झाकणाला भोक, भोकात जाळीचा कप, कपात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रोप, खाली खताचं पाणी. पाणी कपाच्या बुडाला टेकेल इतकंच. रोप पाणी पीत जातं, पातळी उतरते, मुळं तिच्यामागोमाग खाली जातात आणि मधल्या रिकाम्या जागेत हवा भरते. त्या हवेत वाढलेली मुळं ऑक्सिजन घेतात, म्हणून पंप लागत नाही. "पातळी उतरली की माणसाचा हात शिवशिवतो. काठोकाठ भरू नकोस, वरची मुळं गुदमरतील," हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. एका झाडाला जन्मभरात साधारण चार लिटर पाणी पुरतं. डबा त्या हिशेबानं घेतला की मध्ये ओतायचं कामच उरत नाही. आणि हे सगळं सांगून झाल्यावर, "पद्धत माझी नाही बरं, अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकींची," हेही आवर्जून सांगितलंत. ज्याचं त्याला देण्याची ही तुमची सवय मला फार आवडते.

पण मी खरी ऋणी आहे ती त्या दुपारची. खताच्या ए आणि बी अशा दोन बाटल्या का, एकच का नाही, असं मी विचारलं होतं. उत्तर न देता तुम्ही काचेचा पेला मागितलात, दोन्ही बाटल्यांतलं चमचा चमचा दाट द्रावण त्यात एकत्र केलंत, आणि पेला दुधासारखा पांढरा झाला. थोड्या वेळानं बुडाशी साका बसला. "ए मधलं कॅल्शियम, बी मधलं सल्फेट आणि फॉस्फेट. दाट असताना भेटले की जोडी जमवून खाली बसतात. झाडाला त्यातलं काही मिळत नाही. म्हणून आधी पाणी, मग ए, ढवळायचं, मग बी." इतकी वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस माझ्या ओट्यापाशी उभा होता आणि मला पुन्हा शाळेत गेल्यासारखा आनंद झाला होता. त्याच ओघात तुम्ही जर्मनीतल्या साक्स आणि क्नोप या शास्त्रज्ञांबद्दल सांगितलंत. 1860च्या सुमारास त्यांनी नुसत्या क्षारांच्या पाण्यात, मातीविना रोपं वाढवून दाखवली होती.

मीटरबद्दलही तुम्ही स्पष्ट होतात. टीडीएस मीटर पाण्यात क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही. लेट्यूसला ईसी (पाण्यातून वीज किती वाहते, त्यावरून क्षारांचा अंदाज) 0.8 ते 1.2 मिलिसीमेन्स प्रति सेंमी भरपूर झाला, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप, साडेपाच ते साडेसहा. सोसायटीत टँकरचं पाणी सुरू झालं तेव्हा याचा अर्थ उमगला. कोवळी पानं पिवळी पडायला लागली होती. तुम्ही खाली आलात, एक पान दिव्यासमोर धरून मला दाखवलंत: पान पिवळं, शिरा मात्र हिरव्यागार. "नवं पान असं झालं तर लोह कमी. जुनं, खालचं पान पिवळं झालं तर नायट्रोजन. नायट्रोजन झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, लोह देऊ शकत नाही." लोह पाण्यात होतंच, पण टँकरच्या पाण्यानं पीएच चढल्यामुळे मुळांना घेता येत नव्हतं. आम्ही थेंबाथेंबानं आम्ल घालून पीएच सहावर आणला आणि पुढची पानं हिरवी फुटली. खत वाढवण्याचा सल्ला कुणीही दिला असता. झाडाकडे बघायला तुम्ही शिकवलंत.

बाकीचं थोडक्यात लिहिते, कारण ते आता हाताच्या सवयीचं झालं आहे. पेरताना बियाणं दडपायचं नाही, त्याला उजेड लागतो. उकाडा असेल तर ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये, कारण पारा तिशीच्या वर गेला की लेट्यूसचं बी झोपून राहतं. दिवा साधा पांढरा एलईडी, 20 वॉटचा, पानांपासून वीतभर वर, दिवसाला 14 तास. दिव्याला महिन्याला साधारण साडेआठ युनिट वीज जाते. आतल्या पानांच्या कडा करपू नयेत म्हणून छोटा पंखा, कारण पानातून पाणी उडत राहिलं तरच कॅल्शियम टोकापर्यंत पोचतं.

आणि एप्रिल-मे महिन्यांत लावूच नकोस, हे तुम्ही निक्षून सांगितलंत. उन्हाळ्यात झाड लगेच तुऱ्याला येतं, पानं कडू होतात. ज्याला एखाद्या गोष्टीची खरी आवड असते, तोच ती कधी करू नये हेही सांगतो, असं मला तुमच्याकडे पाहून वाटतं. थंडीतला लेट्यूस किती वेगळा लागतो! बाहेरची पानं खुडायची, मधला गाभा तसाच ठेवायचा, आठवड्यानं पुन्हा खुडायची. माझी मुलगी आता पोळीच्या रोलमध्ये तीच पानं मागते, लिंबू आणि दाण्याचं कूट घालून.

काका, तुमचा टीडीएस मीटर अजून माझ्याकडेच आहे, आणि तुम्ही एकदाही मागितला नाहीत. आता मी माझा घेतला आहे. रविवारी तुमचा परत आणून देते. सोबत बटरहेड जातीच्या लेट्यूसचे दोन डबे आहेत, तुमच्यासाठी वेगळे लावलेले. काकूंना सांगा, पानं धुवायची तेवढी बाकी आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण