आजोबांच्या चिपळ्या ठेवायच्या कुठे?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी लेकीकडे स्पेनला गेले होते, तिने हट्टाने सान्तियागो दे कोम्पोस्तेलाला नेलं. चर्च बघून बघून किती बघायची असं मी कुरकुरतच गेले, पण तिथल्या कॅथेड्रलच्या म्युझियममध्ये तीन तास कसे गेले कळलंच नाही.

गाव म्हणजे त्यांचं पंढरपूरच समजा. येशूचा शिष्य सेंट जेम्स याची समाधी तिथे आहे अशी श्रद्धा, म्हणून कुठून कुठून लोक चालत येतात, गळ्यात तुळशीची माळ तसा त्यांच्या सॅकला शिंपला. शेवटचे निदान 100 किलोमीटर पायी आलात आणि वाटेत शिक्के मारून घेतलेत की सर्टिफिकेट मिळतं. (आपल्या माळकऱ्याला कोणी वारीचं सर्टिफिकेट देऊ केलं तर तो हसत सुटेल.)

कॅथेड्रलचं जुनं कोरीव दार आहे, मास्टर मातेओ नावाच्या शिल्पकाराचं, 1188 सालचं. त्याच्या मधल्या खांबावर पाच बोटं बसतील असे खळगे पडलेत, कारण शेकडो वर्षं जो तो पोचला की तिथेच हात टेकवायचा. आता हात लावू देत नाहीत. मला विठोबाचे पाय आठवले, त्यांचीही अशीच झीज होते म्हणून वज्रलेप करावा लागतो.

याच मातेओने गायकांसाठी कोरलेली दगडी बैठक कॅथेड्रलवाल्यांनी 17व्या शतकात स्वतःच मोडली, दगड कुठे कुठे बांधकामात घातले, आणि पुढे तेच तुकडे शोधून काही भाग म्युझियममध्ये परत जुळवलाय. तिथलं 12व्या शतकातलं हस्तलिखित तर ऐकण्यासारखं, कुठल्या नदीचं पाणी पिऊ नका, कुठले नावाडी लुबाडतात असं सगळं यात्रेकरूंसाठी लिहिलंय. 2011 मध्ये ते चोरीला गेलं आणि वर्षाने सापडलं कुठे, तर कॅथेड्रलमध्येच पूर्वी काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजात!

हे सगळं बघताना माझ्या डोक्यात माझ्या घरचा माळा होता. आजोबा गिरणीत कामाला, आषाढीला रजा टाकून दरवर्षी वारीला जायचे. त्यांच्या चिपळ्या आहेत, एकीची झांज निखळली ती त्यांनी तारेने बांधलेली, आणि एक वही, त्यात मुक्कामागणिक कुठे काय जेवलो आणि कोणाचे किती पैसे देणं आहे. या वस्तू घेऊन इथल्या एका संस्थेत गेले तर तिथले गृहस्थ म्हणाले, "बाई, असल्या चिपळ्या बाजारात ढिगाने मिळतात." वही त्यांनी उघडलीसुद्धा नाही हो.

मुंबईत हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये, गोरेगावला आरे रोडवर मुंबईच्या आर्चडायोसिसने (म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताने) जुन्या ख्रिस्ती वस्तूंचं म्युझियम केलंच आहे, किती जणांना माहीत आहे देव जाणे. मग वारीला निघणाऱ्या मुंबईकरांसाठी एखादी खोली का नको? फार नाही, वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराच्या आसपास कुठेही चालेल. तुमच्या पेपरने विषय लावून धरला तर आमच्यासारख्या आणखी घरांतले माळे उघडतील. वही मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीय, पण पावसाळ्यात तिला बुरशी येते.

आपली,
वडाळ्याची एक वाचक